पटावरून कमी केलेली नावे



छत्रपती संभाजीनगरात आपण कधी आला असाल, तर क्रांती चौकातून गेल्यावाचून राहिला नसाल. शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्यामुळे हा चौक दुरूनही ओळखू येतो. शहरातले मोर्चे बहुधा इथूनच निघतात. मराठा क्रांती मोर्चाचे पहिले पाऊल ९ ऑगस्ट २०१६ रोजी याच चौकातून पडले. चौकालगत ‘काळा चबुतरा’ नावाची एक जागा आहे. रोजच्या वर्दळीत तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. १८५७ च्या जून महिन्यात औरंगाबादच्या छावणीतील हैदराबाद कंटिन्जंटचे घोडदळ बिथरले. आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला नेणार, अशी कुणकुण शिपायांना लागली होती. पुण्याहून जनरल वुडबर्नची फौज आली आणि उठाव चिरडला गेला. नंतर लष्करी न्यायालय बसले. कोणाला फासावर चढवले, कोणाला गोळ्या घातल्या, कोणाला तोफेच्या तोंडी दिले. ही शिक्षा या चबुतऱ्याच्या जागी दिली गेली, असे हे शहर मानते.

तोफेच्या तोंडी देणे ही शिक्षा देहासाठी नसते, पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसाठी असते. मारायचेच असेल तर एक गोळी पुरते. तोफ लागते ती भोवती उभ्या असलेल्या हजारो लोकांना घरी जाताना काही तरी सोबत न्यायला लावण्यासाठी. परंतु या पद्धतीत राज्यकर्त्यांच्या दृष्टीने एक मोठी खोट आहे. लोक ती जागा विसरत नाहीत. शंभर-दीडशे वर्षांनी तिथल्या चौकाला ‘क्रांती’ हे नाव मिळते आणि सरकारविरुद्धच्या घोषणा द्यायला माणसे नेमकी तिथेच जमतात.

म्हणून पुढच्या काळातील राज्ये शहाणी झाली. त्यांनी तोफा मोडीत काढल्या असे नव्हे. गोळीबार आजही होतो, तुरुंगही आहेत. परंतु विरोध करणाऱ्या बहुसंख्य माणसांना जी शिक्षा झाली, ती कागदाची होती. पटावरून नाव कमी झाले, शिष्यवृत्ती थांबली, नोकरीच्या अर्जावर शेरा आला, वर्षानुवर्षे कोर्टाची तारीख पडत राहिली. या शिक्षेला चबुतरा नसतो, त्यामुळे तिचे स्मारकही होत नाही. या लेखात मला तिच्याविषयीच आपल्याशी बोलायचे आहे. आपण शिक्षण अर्धवट सुटून पुन्हा हाती धरलेली माणसे आहात. शिक्षण तुटणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तेव्हापासून सुरुवात करू. संस्थानाच्या कारभारात ‘गश्ती’ नावाचा एक प्रकार होता. गश्ती म्हणजे फिरते पत्रक, आजच्या भाषेत परिपत्रक. ‘गश्ती क्रमांक ५३’ हा शब्दप्रयोग त्या पिढीच्या आठवणींत वारंवार येतो. राजकीय सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी, असा तिचा आशय. खासगी शाळा, वाचनालय, आखाडा काढायचा तरी परवानगीचे दार होतेच. या व्यवस्थेत कोणी ‘बोलू नका’ असे म्हणत नव्हते. फक्त ‘आधी विचारा’ असे म्हणत होते. अर्ज केला की तो एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जात राहायचा आणि सभेचा दिवस उलटून जायचा. नकाराचे पाप कोणाच्याच माथी नाही. मला ही युक्ती तोफेपेक्षा फार हुशारीची वाटते.

वर्तमानपत्रांचीही तीच गत. आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक काढले, तेही संस्थानाच्या हद्दीबाहेर, पुण्यातून. निजाम सरकारने त्याला बंदी केली. तेव्हा वाघमारे दुसऱ्या नावाने पत्र काढू लागले; त्यावर बंदी आली की तिसऱ्या नावाने. बंदी नावावर होती आणि नावे मराठीत पुष्कळ आहेत.

१९३८ हे वर्ष मराठवाड्याच्या इतिहासात दाटीवाटीचे आहे. हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्यापूर्वीच सप्टेंबरमध्ये तिच्यावर बंदी आली. जी संस्था अद्याप जन्मलीच नाही तिला बेकायदा ठरवणे, हा कायद्याच्या इतिहासातला एक मासला म्हणावा लागेल. २४ ऑक्टोबरपासून सत्याग्रह सुरू झाला. स्वामी रामानंद तीर्थ यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. हिप्परग्याच्या आणि पुढे अंबाजोगाईच्या शाळेत शिकवणारा हा संन्यासी शिक्षक तुरुंगात गेला, आणि त्याची नोंद इतिहासाने नीट ठेवली. ती ठेवायलाच हवी. परंतु त्याच हिवाळ्यात औरंगाबादेत आणखी एक गोष्ट घडली. ती करणारी मुले सतरा-अठरा वर्षांची होती.

औरंगाबादचे इंटरमीजिएट कॉलेज १९२३ साली सुरू झाले होते. किल्ले अर्कच्या परिसरातील ही संस्था आज शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय म्हणून आपल्याला माहीत आहे. ते उस्मानिया विद्यापीठाच्या व्यवस्थेतले कॉलेज, शिक्षणाचे माध्यम उर्दू. उर्दूचे थोर अभ्यासक मौलवी अब्दुल हक काही काळ या कॉलेजचे प्रमुख होते, हेही सांगायला हवे. पुढचा भाग हा एका भाषेने दुसऱ्या भाषेवर केलेल्या अन्यायाची गोष्ट म्हणून वाचला, तर त्यातले मर्म हातातून निसटेल. मराठी, तेलुगू, कन्नड घरांतली मुले उर्दूतून गणित आणि इतिहास शिकत होती. अनेकांना ती भाषा गोड वाटत होती. वाद भाषेचा नव्हता. वसतिगृहातील प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणायचे की नाही, हा वाद होता.

नोव्हेंबर १९३८ मध्ये विद्यार्थ्यांनी ते म्हणायला सुरुवात केली. व्यवस्थापनाने मनाई केली. विद्यार्थ्यांनी ऐकले नाही. हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत, वरंगळला, गुलबर्ग्याला, असे हे लोण संस्थानभर पसरले. औरंगाबादेत गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे तरुण या मुलांच्या पाठीशी होते. सरकारने या मुलांवर गोळ्या झाडल्या नाहीत, सरसकट तुरुंगातही घातले नाही. त्यांची नावे कमी केली.

ही तीन शब्दांची कारवाई जरा डोळ्यांसमोर आणून पाहा. कारकून हजेरीपट उघडतो, एका नावावर तांबड्या शाईची रेघ ओढतो, पुढे शेरा लिहितो. एवढेच. रक्त नाही, आरडाओरड नाही. आणि आता त्या रेघेचे दुसरे टोक पाहा. वैजापूर किंवा परतूर तालुक्यातले एखादे गाव. त्या काळी संपूर्ण संस्थानात विद्यापीठ एकच, आणि गावातून इंटरपर्यंत पोहोचलेला मुलगाही बहुधा एकच. त्याच्यासाठी बापाने जमिनीवर कर्ज काढलेले असेल, आईने अंगावरचा एखादा डाग मोडला असेल. मुलगा वकील होईल, निदान तहसिलात लागेल, या एका आशेवर घरातील धाकट्यांची लग्ने अडलेली. तो मुलगा वळकटी खांद्यावर टाकून दारात उभा राहतो. त्याने चोरी केलेली नाही, तो नापास झालेला नाही. गाणे म्हटले म्हणून परत पाठवला आहे. गावचा पाटील बापाला बोलावून विचारतो, ‘पोरगं सरकारच्या विरोधात गेलं म्हणे?’ मुलाला झालेल्या शिक्षेचा पहिला हप्ता बाप भरतो.

सरकारला हे ठाऊक असते. किंबहुना याच हिशेबावर ही शिक्षा उभी असते. एकट्या माणसाची छाती मोठी असते. घरच्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिले की ती लहान होऊ लागते.

याच ठिकाणी सरकार एक वाट उघडी ठेवते. पुन्हा असे करणार नाही, अशी लेखी हमी द्या आणि वर्गात बसा. माफीनामा हा या संपूर्ण यंत्रणेचा कणा आहे, असे मला वाटते. शिक्षा भोगणारा माणूस सरकारच्या फारसा कामाचा नसतो; सही करणारा माणूस फार कामाचा. सही करताना तो स्वतःच्या हाताने लिहितो की आपण म्हणालो ते चूक होते. त्यानंतर त्याच्यावर पहारा ठेवण्याची गरज उरत नाही, तो स्वतःच स्वतःवर पहारा ठेवतो. औरंगाबादच्या आणि हैदराबादच्या असंख्य मुलांनी ही सही केली नाही. ज्यांनी केली, त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला आहे असे मी मानत नाही. त्यांच्या घरातले चेहरे मी पाहिलेले नाहीत.

बाहेर काढलेल्या मुलांपुढे प्रश्न होता, आता कुठे जायचे? उत्तर नागपूरहून आले. नागपूर विद्यापीठाने, कुलगुरू टी. जे. केदार यांच्या पुढाकाराने, या विद्यार्थ्यांना प्रवेश दिला. मराठी, तेलुगू, कन्नड भाषक मुले मध्यप्रांताच्या गाडीत बसली. आपल्या अभ्यासक्रमात चळवळींच्या इतिहासाला जागा असते, नेत्यांच्या भाषणांनाही असते. एका कुलगुरूच्या प्रवेशाच्या निर्णयाला ती सहसा मिळत नाही. मला मात्र या कथेतली सर्वांत महत्त्वाची घटना तीच वाटते. नाव कमी करण्याची शिक्षा तेव्हाच पुरी होते, जेव्हा दुसऱ्या संस्थेतला कारकूनही ती रेघ मान्य करतो. नागपूरच्या कारकुनाने नवा पट उघडला आणि नावे पुन्हा लिहिली. त्या मुलांपैकी एक, तेलंगणातले पी. व्ही. नरसिंह राव, १९९१ मध्ये देशाचे पंतप्रधान झाले. हे उदाहरण सगळेच देतात, मीही दिले. पण ज्यांच्याकडे नागपूरच्या गाडीभाड्याचे पैसे नव्हते, त्यांचे काय झाले असेल? कोणी गावी शेती पाहिली असेल, कोणी दुकानात हिशेब लिहिले असतील. त्यांची यादी कोणाकडे आहे, मला माहीत नाही; कमी केलेल्या नावांचे हेच तर वैशिष्ट्य.

शिक्षण आणि पदवी यांच्यावर घाव घालण्याची ही रीत निजामाची एकट्याची नव्हती. ब्रिटिश अमलात मुंबई विद्यापीठाने वि. दा. सावरकरांची बी. ए. ची पदवी १९११ मध्ये काढून घेतली. ती परत मिळायला १९६० साल उजाडावे लागले. सावरकरांच्या विचारांविषयी आपले मत काहीही असो, मिळवलेली पदवी राजद्रोहामुळे ‘न मिळवलेली’ कशी होते, हा प्रश्न उरतोच. दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषी सरकारने तर ही कला शिगेला नेली. तिथे माणसावर ‘बंदी आदेश’ निघे. स्टीव्ह बिको या तरुण नेत्यावर १९७३ मध्ये तो निघाला. तुरुंग नाही, बेड्या नाहीत. पण ठरवून दिलेली हद्द ओलांडायची नाही, सभेत बोलायचे नाही, आणि त्याचे शब्द कोणी छापायचेही नाहीत. माणूस घरात असतो आणि समाजाच्या पटावरून त्याचे नाव खोडलेले असते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. सिद्धार्थ उद्यानातील मुक्तिसंग्राम स्तंभापाशी दरवर्षी या दिवशी ध्वजवंदन होते. आता राज्य आपले झाले होते. तेव्हा मतभेदाची शिक्षाही इतिहासजमा झाली असेल, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. अनंत भालेराव यांचे आयुष्य या अपेक्षेच्या आड येते. निजामाविरुद्ध लढलेले अनंतराव पुढे दैनिक झालेल्या ‘मराठवाडा’चे संपादक झाले. ‘हैद्राबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ त्यांनी लिहिला. वरील काळाविषयी अधिक वाचायचे असेल तर आपण तो मिळवून अवश्य वाचावा. हेच अनंतराव २५ जून १९७५ नंतरच्या आणीबाणीत स्वतंत्र भारताच्या तुरुंगात गेले. त्या काळच्या ‘मिसा’ कायद्याखाली खटला न चालवता माणसाला स्थानबद्ध करता येत होते. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने असा निर्णय दिला की, आणीबाणी असेपर्यंत स्थानबद्धाला आपल्या सुटकेसाठी उच्च न्यायालयाचे दारही ठोठावता येणार नाही. पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या एच. आर. खन्ना यांनी वेगळे मत नोंदवले. पुढे ज्येष्ठता डावलून त्यांच्याहून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केले गेले. खन्नांनी राजीनामा दिला. न्यायमूर्तींनाही पटावरून कमी करता येते.

मराठीचे विद्यार्थी म्हणून आपल्याला त्या काळातला कऱ्हाडचा प्रसंग माहीत असायला हवा. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडला भरलेल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत होत्या आणि स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. दुर्गाबाईंनी त्याच व्यासपीठावर आजारी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. काही महिन्यांनी त्यांना अटक झाली, तीही मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयातून. लोककथांच्या आणि धर्मशास्त्राच्या पोथ्यांत बुडालेली एक विदुषी पुस्तकांमधून उठवून नेली जाते, याहून त्या काळाचे नेमके चित्र मला दुसरे सुचत नाही.

या प्रकरणाला एक उत्तरार्धही आहे. २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने आणीबाणीतील बंदिवानांना मासिक मानधन सुरू केले. महिन्याहून अधिक काळ तुरुंगात असलेल्यांना दहा हजार रुपये, त्याहून कमी असलेल्यांना पाच हजार. २०२० मध्ये दुसऱ्या सरकारने ते बंद केले, २०२२ मध्ये तिसऱ्याने पुन्हा चालू केले. गुन्हेगार, मानकरी, पुन्हा कोणी नाही, पुन्हा मानकरी. माणूस तोच, त्याने केलेली कृतीही तीच. बदलत गेला तो मंत्रालयातला पट.

आता मी स्वतः पाहिलेल्या काळाकडे येतो. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. मी तेव्हा या शहरात वसतिगृहात राहून शिकत होतो. माझ्या खोलीतील सोबती परभणीकडचा होता. त्याच्या वस्तीतील घरे जळाली, त्यात त्याचेही होते. तो गावी गेला, महिन्याने परतला, आणि नामांतरासाठी होणाऱ्या सत्याग्रहांत जाऊ लागला. दोनदा पोलिसांनी धरून नेले, संध्याकाळी सोडले. आमच्या कॉलेजात हजेरीचा नियम मोठा कडक होता. वर्षअखेरीस फलकावर यादी लागली, त्यात त्याचे नाव होते: उपस्थिती अपुरी, परीक्षेस बसता येणार नाही. हजेरी भरली नाही की शिष्यवृत्तीही थांबते. यादीत कुठेही ‘आंदोलन’ हा शब्द नव्हता. घर जळाले म्हणून गैरहजर, हा रकानाच पटात नव्हता. तो ट्रंक घेऊन गेला. पुढे पुष्कळ वर्षे त्याने नगरपालिकेत रोजंदारीवर काम केले, असे ऐकले.

या आंदोलनाचा विचार करताना एक गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. घरे जाळणाऱ्यांपर्यंत कायदा रेंगाळत पोहोचला. सनदशीर मागणी करणाऱ्यांपर्यंत मात्र धावत. नोव्हेंबर १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. शेकडो मैलांची पायपीट करणाऱ्या या माणसांना वाटेतच अडवण्यात आले, लाठ्या बसल्या, अटका झाल्या. ज्या नागपूरने १९३८ मध्ये औरंगाबादच्या मुलांना दार उघडले, तिथून आलेल्या मुलांसाठी औरंगाबादचे दार बंद होते. विद्यापीठाच्या नावाचा विस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. सोळा वर्षे. त्या वर्षांत किती हजेऱ्या अपुऱ्या राहिल्या असतील!

आपण म्हणाल, मग सरकारने काहीच करू नये काय? दगड फेकले, एस. टी. जाळली, तरी हात बांधून बसावे? हा आक्षेप रास्त आहे. जळणाऱ्या एस. टी. मध्ये मंत्री नसतो, बाजाराला निघालेली म्हातारी असते. हिंसेला शिक्षा व्हावी, लवकर व्हावी. माझा प्रश्न वेगळा आहे. दगड फेकणारा आणि रस्त्यावर मांडी घालून बसलेला, हे दोघे एकाच कागदावर एकाच कलमाखाली येतात, तेव्हा शिक्षा नेमकी कशाला होत असते? आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. पाच किंवा अधिक माणसांनी परवानगीवाचून जमायचे नाही, असा त्यातला एक भाग. असा आदेश एका वेळी पंधरा दिवसांपेक्षा जास्त काळ ठेवता येत नाही, त्यापुढे राज्य शासनाची मंजुरी लागते. म्हणून सण, जयंत्या, निवडणुका, आंदोलने यांच्या निमित्ताने एक संपला की दुसरा निघतो. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी असते. आपण ती वाचत नाही. गश्ती क्रमांक ५३ ची आठवण होते ती इथे. तुलना पूर्ण जुळत नाही हे मी जाणतो. आज न्यायालय आहे, निवडणूक आहे, हा लेख आपल्यापर्यंत पोहोचतो आहे. पण ‘आधी विचारा’ हे सूत्र तेच राहिले आहे.

आदेश मोडून बसलात तर गुन्हा दाखल होतो: बेकायदा जमाव, रस्ता अडवणे, मनाई आदेशाचा भंग. यांत तुरुंगवास क्वचितच होतो. नेते जामिनावर सुटतात, पुढच्या निवडणुकीत तोच गुन्हा प्रचारात मिरवतात. गावातून ट्रॅक्टरमध्ये बसून आलेल्या पोरांची नावे मात्र दोषारोपपत्रात राहतात. राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतील खटले मागे घेण्याचे निर्णय शासन वेळोवेळी करते. जीवितहानी झालेली नसावी, नुकसान ठरावीक रकमेच्या आत असावे, अशा अटी असतात. मग समिती, मग सरकारी वकिलाचा अर्ज, मग न्यायालयाची संमती. घोषणा एका दिवसात होते. कागद चालत येतो.

आमच्या अभ्यास केंद्रावर रविवारी संपर्क सत्रे होतात. तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी सत्र संपल्यावर थांबला. वय चौतीस. गंगापूर तालुक्यातला, वाळूजच्या एका कारखान्यात पाळीने काम करतो. २०१३ च्या दुष्काळात चारा आणि पाण्याच्या टँकरसाठी गावकऱ्यांबरोबर तो रस्त्यावर बसला होता. खटला अजून चालू आहे. एका सरकारी भरतीचा अर्ज त्याने भरला होता आणि साक्षांकन नमुन्यातला एक प्रश्न त्याने बोटाने दाखवला: आपल्याविरुद्ध न्यायालयात एखादे प्रकरण प्रलंबित आहे काय? ‘सर, हो लिहिलं तर घेणार नाहीत, नाही लिहिलं तर खोटं होईल.’

मी त्याला जे सांगितले ते आपल्यालाही उपयोगी पडेल म्हणून इथे लिहितो. माहिती लपवू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग यांच्या प्रकरणात या प्रश्नाचा सविस्तर विचार केला आहे. उमेदवाराने खरी माहिती द्यावी, हे न्यायालयाने पहिल्यांदा बजावले. मात्र नेमणूक करणाऱ्यानेही प्रत्येक प्रकरणाचे स्वरूप पाहावे, असेही म्हटले. आणि क्षुल्लक गुन्ह्याचे उदाहरण देताना तरुण वयात दिलेल्या घोषणांचा उल्लेख केला. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला हे उदाहरण द्यावेसे वाटले, म्हणजे घोषणा देऊन नोकरीला मुकलेली मुले त्याच्या दारापर्यंत किती आली असतील! अर्थात न्यायालयाने ‘विचार करावा’ म्हटले आहे. विचार करणारा माणूस कार्यालयातल्या त्या खुर्चीत बसलेला असेल की नाही, हे कोण सांगणार? नागपूरचे केदार प्रत्येक खुर्चीत नसतात.

त्याने ‘होय’ लिहिले. सोबत दोषारोपपत्राची प्रत जोडली.

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या शेवटच्या पेपरचा दिवस आणि कोर्टाच्या तारखेचा दिवस एकच आला. हजर राहिले नाही तर वॉरंट निघण्याची भीती, पेपर बुडाला तर वर्ष जाणार. त्याच्या वकिलांनी परीक्षेचे प्रवेशपत्र जोडून हजेरी माफीचा अर्ज दिला आणि न्यायाधीशांनी तो मंजूर केला. पेपर साहित्यविचाराचा होता. दहा वाजायला पाच मिनिटे असताना तो केंद्रावर पोहोचला. पर्यवेक्षकांनी त्याच्यासमोर उपस्थितिपत्रक सरकवले आणि त्याने आपल्या नावापुढे सही केली.